ठरवायचं कोणी? रावेर तालुक्यातल्या एका जोडप्याचा पहिला युरोप प्रवास : एक प्रकरण अभ्यास

रावेर तालुक्यातले एक नवरा-बायको २०२५ च्या मे-जूनमध्ये पाठीवर सॅक टाकून युरोप फिरून आले. सहल कंपनी नाही, गाईड नाही, सोबत तिसरं माणूस नाही. त्याआधी दोघांनीही देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. ते केळी पिकवतात, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. वय पन्नाशीच्या अलीकडे. मुलगी पुण्यात शिकते, हे खूळ तिनेच डोक्यात घातलं. नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी लिहू दिलं, म्हणून इथे त्यांना भाऊ आणि मॅडम म्हणतो. गावातही तसंच म्हणतात.

माझा संबंध कागदांपुरता. तिकिटं आणि व्हिसाची फाईल माझ्या भुसावळच्या टेबलावरून गेली. परत आल्यावर मॅडमनी प्रवासातली वही वाचायला दिली. हल्ली आपल्याकडून अशी जोडपी विचारायला येतात आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: खर्च किती, जेवणाचं काय, इंग्रजी आलं नाही तर काय. या तिन्ही गोष्टींनी भाऊ-मॅडमना फारसं छळलं नाही. त्यांना छळलं ते रोज उठून ठरवाव्या लागणाऱ्या शंभर बारक्या गोष्टींनी.

कागदं

शेतकऱ्याला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत एकच चालतो तो) मिळतो का, असं लोक दबक्या आवाजात विचारतात. मिळतो. उत्पन्न असतं, ते दाखवता येत नाही ही खरी अडचण. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र किरकोळ दिसतं. त्यात केळीचा पैसा कापणीच्या वेळी एकदम खात्यात येतो, आणि अर्जाच्या तोंडावर आलेली मोठी रक्कम तपासणाऱ्याला कोणाकडून तरी उसनी घेतल्यासारखी वाटते. म्हणून सातबारा, आठ-अ, व्यापाऱ्याच्या पट्ट्या म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर, आणि वर एका पानाचं पत्र: बाग कधी लावली, कधी कापली, खात्यातली कुठली रक्कम कुठल्या मालाची. मॅडमचं काम सोपं होतं, पगारपत्रक आणि फॉर्म १६. फक्त सरकारी नोकराला परदेशी जायला आधी परवानगी लागते. तो अर्ज त्यांनी जानेवारीतच टाकला होता.

व्हिसाची फी माणशी ९० युरो (जून २०२४ च्या आधी ८० होती), शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तर जिथे सगळ्यात जास्त रात्री मुक्काम त्याच्याकडे. यांच्या आखणीत तो देश इटली होता. पुढे ही गोष्ट कामाला आली.

आखणी

पॅरिस चार रात्री, ॲमस्टरडॅम दोन, बर्लिन दोन, प्राग तीन, व्हिएन्ना दोन, स्वित्झर्लंडात इंटरलाकेन चार, मग वेनिस, फ्लॉरेन्स, रोम मिळून आठ. पंचवीस रात्री, नऊ गावं. रेल्वेचा पास महिन्याभरात कुठलेही सात दिवस प्रवासाचा. फ्लॉरेन्स ते रोम हा शेवटचा टप्पा सुट्या तिकिटावर.

एक-दोन गावं काढा, असं मी म्हटलं होतं. "एवढं तिकीट काढून चाललो तं पाहूनच येऊ," हे भाऊंचं उत्तर. सगळेच हे म्हणतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही. विमानाचे पैसे तेवढेच जातात. पण गाव बदलायचा दिवस कागदावर जेवढा दिसतो तेवढा नसतो. हॉस्टेल, म्हणजे खाटेवर भाडं घेणारं प्रवाशांचं स्वस्त निवास, सकाळी दहा-अकराला खोली सोडायला लावतं, पुढचं दुपारी दोन-तीनच्या आधी आत घेत नाही. मधले तास सॅक पाठीवर. या तासांत काय काय ठरवावं लागतं: सॅक लॉकरात ठेवायची की वागवायची, लॉकरचे पैसे नाण्यात की कार्डवर, आता खायचं की पोचल्यावर, ट्राम की पायी, ट्रामचं तिकीट एका फेरीचं की दिवसाचं, ते आत गेल्यावर यंत्रात छापून घ्यायचं की नाही. प्रागसारख्या शहरात न छापलेलं तिकीट हे बिनतिकीटच धरतात. सहल कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाला यातलं एकही ठरवावं लागत नाही, आणि त्याचेच पैसे ती कंपनी घेते.

घरची वाटणी

हे दोघं घरी भांडत नाहीत, हे मी शेजारधर्माने सांगत नाही, मॅडमनीच सांगितलं. घरी कोणी काय ठरवायचं हे लग्नानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत ठरून गेलंय. बाग, पाणी, मजूर, व्यापारी हे भाऊंचं. घरखर्च, बँक, मुलीचं शिक्षण, पाहुणे हे मॅडमचं. बाजाराच्या दिवशी भाजी कोणी आणायची हा प्रश्नच उठत नाही. पॅरिसच्या विमानतळावर उतरल्याबरोबर ही सगळी वाटणी मोडली. तिथे बाग नव्हती आणि पाहुणेही नव्हते. जे होतं ते दोघांनाही सारखंच नवीन, म्हणून प्रत्येक गोष्ट दोघांनी मिळून ठरवायला लागली.

पहिल्या आठ दिवसांची वही वाचली की हे उघड दिसतं. एका पानावर असं: "पाणी २.८० युरो. का घेतलं? नळाचं चालतं." खाली दुसऱ्या शाईत, म्हणजे भाऊंच्या हातचं: "तहान लागली होती." पॅरिसला त्यांनी पैसे वाचवायला सहा खाटांच्या मिश्र खोलीत दोन खाटा घेतल्या होत्या. मॅडमना झोप लागेना. परके पुरुष, रात्री दोनला येणारी पोरं. दोन खाटांचे मिळून जेवढे होतात त्यात थोडे घातले तर दोघांची स्वतंत्र खोली मिळते, हे गणित तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. सामूहिक खोली एकट्या माणसाला परवडते, जोडप्याला ती फारशी स्वस्त पडत नाही. मी हे आता प्रत्येकाला आधीच सांगतो.

नोत्र-दामचं मोठं चर्च पाहिलं. २०१९ च्या आगीनंतर ते ८ डिसेंबर २०२४ ला पुन्हा उघडलंय आणि आत जायला पैसे नाहीत. मॅडमनी वहीत त्यावर पानभर लिहिलंय, भाऊंची फक्त एक ओळ: "दगड नवा दिसतो." ॲमस्टरडॅमला जायच्या वेगवान गाडीला पास असूनही वेगळं आरक्षण, वेगळे पैसे, आणि पासवाल्यांसाठी जागा मोजक्या. हे कोणी पाहायचं होतं यावरून तिथे पहिला मोठा खटका. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर लागतो, तो कोणी पाहायचा होता यावरून दुसरा.

बर्लिन, २२ मे

बर्लिनचं मुख्य स्टेशन २००६ साली उघडलं. त्यात गाड्या दोन पातळ्यांवर लागतात, काही सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि काही जमिनीखाली, मध्ये दुकानांचे मजले. प्रागची गाडी खालून सुटते. हे दोघं पंचवीस मिनिटं आधी स्टेशनात होते, पण वर. सरकत्या जिन्यांनी वर गेले, प्लॅटफॉर्म शोधला, नाही सापडला, परत खाली निघाले. मधल्या मजल्यावर भाऊंना एक बाटली दिसली. जर्मनीत प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीवर २५ सेंट परत मिळतात, दुकानातल्या यंत्रात टाकायची. आदल्या दिवशी हे कळल्यापासून भाऊंना बाटली टाकून देववत नव्हती. ते थांबले. मॅडम पुढे गेल्या. खाली पोचेपर्यंत गाडीचा शेवटचा डबा बोगद्यात शिरत होता.

"तू पाह्यलं नव्हतं का कोणत्या फलाटाले लागते?"

"मले वाटलं तुम्ही पाह्यलं."

ज्यांचं अर्धं आयुष्य भुसावळ जंक्शनवर गाड्या बदलण्यात गेलं त्या माणसाची गाडी फलाट चुकल्यामुळे गेली, हे भाऊंना फार लागलं. मग तिथेच बाकावर जे व्हायचं ते झालं. मॅडमच्या शब्दांत: "घरी वीस वर्षांत नाही बोललो ते सगळं तिथे बोललो, आणि आजूबाजूला कोणाला कळत नाही म्हणून मोठ्याने बोललो."

आता या प्रसंगाचा हिशेब पाहा. पुढची गाडी दोन तासांनी होती. त्या गाडीला आरक्षण सक्तीचं नाही, पास दिवसभर चालतो, म्हणजे पैशाने शून्य नुकसान. प्रागच्या खोलीचा ताबा कसाही दुपारीच मिळायचा होता. त्यांचं गेलं काहीच नाही, तरी प्रवास तिथेच मोडून परत यायची भाषा झाली. तिकिटं बदलता येतील का, असा मॅडमचा निरोप मला त्याच दिवशी आला होता. मी कळवलं की येतील, पण दंड एवढा. दंडाचा आकडा वाचून दोघं प्रागच्या गाडीत बसले. एल्बे नदीच्या काठाकाठाने जाणारा तो रस्ता फार देखणा आहे म्हणतात. वहीत त्यावर एक शब्द नाही.

वहीचं मधलं पान

प्रागच्या हॉस्टेलात स्वयंपाकघर होतं. भाऊंनी बाजारातून वांगं आणलं. ते मोठं, काळं-जांभळं, आपल्या भरताच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याशी नातं न सांगणारं. तिथे जाळ नाही, विजेची तबकडी. वांगं भाजायला कपाशीच्या काड्या तर दूरच. मग भट्टीत ठेवलं, तासभर, मध्ये मध्ये सुरीने टोचत. साल सुटली पण धुराचा वास नाही. त्यात सोबत नेलेली मिरची, लसूण, शेंगदाणे, वर कांद्याची पात. पोळी नव्हती, तिथल्या काळ्या पावाबरोबर खाल्लं. "भरीत म्हणता येणार नाही, पण पोट भरलं आणि डोकं थंड झालं," असं मॅडम म्हणाल्या. त्याच टेबलावर वही उघडली आणि मधल्या पानावर रकाने पाडले.

गाड्या, फलाट, तिकिटं, आरक्षणं: मॅडम. शाळेचं वेळापत्रक त्याच बनवतात, अशा कामात त्यांचा हात बसलेला. बाजारहाट, स्वयंपाक, रोजचा खर्च: भाऊ. घरच्या बरोबर उलट. काय पाहायचं: एक दिवस त्यांचा, एक दिवस यांचा, ज्याचा दिवस त्याचा शब्द शेवटचा. बाग: धाकट्या भावाकडे, इथून फोनवर सल्ला द्यायचा नाही. आणि एक कलम खाली ठळक, "ज्याचं काम त्याचं. दुसऱ्याने रात्री जेवणानंतरच बोलायचं."

बागेचं कलम मला सगळ्यात अवघड वाटलं. मे-जून म्हणजे केळीवाल्याचा जीव टांगणीला. ऊन ४४ अंशांवर, आणि त्याच दिवसांत पावसाआधीचं वादळ आलं की उभी बाग आडवी होते. त्या वर्षी तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला. भाऊ तेव्हा व्हिएन्नात होते. त्यांनी फोन केला, बाग उभी आहे ऐकलं, आणि पुढे काही न सांगता ठेवला. कलम पाळलं. तरी त्या रात्री झोप लागली नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

त्याच टेबलावर स्वित्झर्लंड काढलं. खोल्या रद्द करता येणाऱ्या घेतल्या होत्या, म्हणून पैसे बुडाले नाहीत. इंटरलाकेनच्या रात्री व्हिएन्नाला जोडल्या आणि तिथून रात्रीच्या गाडीने थेट वेनिस. सगळ्यात जास्त रात्री इटलीतच राहिल्या, त्यामुळे ज्या देशाचा व्हिसा त्याच देशात मुख्य मुक्काम हा हिशेब बिघडला नाही. अशी कापाकापी करताना एवढं एक पाहायला हवं. पासातला एक दिवस शिल्लक पडला, तो फ्लॉरेन्स-रोमला वापरला.

कलमाची परीक्षा

व्हिएन्नात पाच रात्री. २९ मे, गुरुवार. सकाळी भाऊ पिशवी घेऊन निघाले तर सगळी दुकानं बंद. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात हे त्यांना माहीत होतं आणि तशी सोय ते करत होते. पण गुरुवारी? ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी येणारा येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, सरकारी सुट्टी. घरात दोन कांदे आणि अर्धी पिशवी तांदूळ. बाजार भाऊंचं खातं, चूक भाऊंची. बर्लिनच्या हिशेबाने इथे दोन तास जायला हवे होते. मॅडम काही बोलल्या नाहीत. "जीभ चावून बसले," असं वहीत आहे. भाऊंनी हॉस्टेलच्या पोराला विचारलं, तो म्हणाला की मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं सुट्टीलाही उघडी असतात. तासाभरात भाऊ दूध, टोमॅटो, बटाटे घेऊन परत. रात्री जेवणानंतर मॅडमनी विषय काढला तेव्हा दोघं हसले.

माझ्या मते प्रवास इथे सावरला. रकाने कुठल्याही कागदावर पाडता येतात. दुसऱ्याच्या खात्यात चूक दिसत असताना गप्प बसता येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती प्रागच्या टेबलावर ठरली तरी जमली व्हिएन्नात.

इटली

इथलं थोडक्यात. वेनिसमध्ये त्या काळात शुक्रवार ते रविवार दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेश शुल्क होतं, आधी काढलं तर ५ युरो, ऐनवेळी १०. वेनिसच्याच हद्दीतल्या मेस्त्रेला मुक्काम असल्याने यांना माफी, पण माफीचाही कोड आधी काढावा लागतो. मॅडमनी तो व्हिएन्नातच काढून ठेवला होता. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं हे कळल्यावर माळकरी घरातल्या मॅडमनी पास्त्यावरचं चीज बंद केलं. रोमला ज्युबिली वर्षाची गर्दी, खोल्या महाग. दर पंचवीस वर्षांनी येणारं हे कॅथलिकांचं पवित्र वर्ष. आखताना आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

भाऊंनी मात्र इटलीचं वेगळंच सांगितलं. फ्लॉरेन्सच्या एका दुकानात केळी दिसली. इक्वेडोरची, प्रत्येक फणीला स्टिकर, सगळी एका मापाची, डाग नाही. भाऊंनी सवयीने एक फणी उचलून देठ पाहिला, बोटाने दाबून पाहिली. शेजारच्या म्हातारीने जोरात काहीतरी सुनावलं आणि समोरच्या प्लॅस्टिक हातमोज्यांच्या रिळाकडे बोट दाखवलं. तिकडे फळाला उघडा हात लावत नाहीत. मोजा घालायचा, फळ काट्यावर ठेवायचं, फळाच्या क्रमांकाचं बटण दाबायचं, चिकटपट्टी निघते ती लावायची. भाऊंनी सगळं केलं. भाव दीड युरोच्या आसपास किलो, युरो तेव्हा ९६ रुपयांच्या घरात. म्हणजे क्विंटलला चौदा हजारांच्या वर. जात कॅव्हेंडिश, आपल्या रावेर-यावलच्या ग्रँड नैनच्याच कुळातली. दुकानाबाहेर उभं राहून त्यांनी एक सोललं, खाल्लं, आणि म्हणाले, "गोडी नाही." हे खरं की अभिमान, मी सांगू शकत नाही.

जाता जाता: युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि तुपातले लाडू विमानतळावरच जातात. बहुतेक ताज्या फळांनाही प्रमाणपत्र लागतं. ज्या पाच फळांना सूट आहे त्यात अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळं. भाऊंना हे मी परत आल्यावर सांगितलं. पुढच्या वेळी त्या म्हातारीसाठी आपली केळी घेऊन जातो म्हणाले.

निदान

पहिल्या खेपेला पंचवीस दिवसांत पाच मुक्काम पुरे, असं आता मी ठामपणे सांगतो. पण नुसतं "गावं कमी करा" म्हटलं की लोकांना ते आळशीपणाचं वाटतं. म्हणून कारण सांगतो: प्रत्येक गाव बदलताना नवरा-बायकोंना न ठरलेल्या गोष्टी मिळून ठरवाव्या लागतात, आणि ज्यांचा संसार नीट वाटून घेतलेला आहे त्यांनाच हे जास्त जड जातं. ज्यांना रोज वाद घालायची सवय आहे अशी तरुण जोडपी उलट सहज निभावतात.

हे प्रकरण सगळ्यांना लागू नाही. मॅडमना इंग्रजी येतं, हाताशी बेगमी होती, मागे बाग सांभाळायला धाकटा भाऊ होता. यातलं एक जरी नसतं तरी बर्लिनचा बाक शेवटचा ठरला असता. आणि रकान्यांनी सगळं सुटलं असंही नाही. "काय पाहायचं" चा आळीपाळीचा नियम रोमला मोडला. कोलोसियम भाऊंच्या दिवशी येत होतं, व्हॅटिकनची संग्रहालयं मॅडमच्या दिवशी, पण आगाऊ तिकिटं उलट्या तारखांची मिळाली. तिथे शेवटी दोघं वेगवेगळे फिरले, अख्खा दिवस, आणि संध्याकाळी खोलीवर भेटले. गावात हे अजून सांगितलेलं नाही. गावात सगळे एवढंच विचारतात की स्वित्झर्लंडला जाऊन बर्फ कसा नाही पाहिला.

आता दोघं दिवाळीच्या सुट्टीतला दुसरा प्रवास आखताहेत. केळीच्या वादळाचे दिवस टाळायचे यावर एकमत आहे. मॅडमना लिस्बन आणि पोर्तुगालचा किनारा हवा. भाऊंना स्पेनच्या कॅनरी बेटांवर जायचंय, कारण तिथे केळी पिकते आणि ती लोक कशी लावतात, पाणी कसं देतात हे पाहायचंय. तिथे रेल्वेचा पास चालत नाही, विमानच लागतं. कुठला देश, हे कोणाच्या खात्यात, याचा रकाना वहीत नाही. गेल्या आठवड्यात दोघं माझ्या टेबलासमोर बसून त्यावरच बोलत होते. मी दोन्हीकडचे भाव काढून दिलेत.